सरकारी जमिनीचे ऊर्जापट्टे आणि सांस्कृतिक वारसा : अमेरिकेतील पद्धतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत मैलोन्‌मैल सरकारी जमीन आहे. तिच्या पोटात तेल, वायू आणि कोळसा आहे, आणि तिच्याच अंगावर हजारो वर्षांच्या वस्तीच्या खुणा आहेत. ही जमीन ऊर्जा कंपन्यांना पट्ट्याने देताना त्या खुणांचे काय होते, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत. काही उत्तरे चार ओळींची आहेत, काही लांबली आहेत. जिथे खरी गोम आहे तिथे लांबवण्यावाचून इलाज नव्हता.

सरकारी जमीन म्हणजे किती, आणि ती कोण सांभाळते?

मुख्य खाते म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, सगळे त्याला बीएलएम म्हणतात. त्याच्याकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आणि सुमारे ७० कोटी एकर जमिनीखालची खनिजे आहेत. पृष्ठभागापेक्षा पोटातली मालकी एवढी मोठी कशी? एक तर वनखात्यासारख्या इतर केंद्रीय खात्यांच्या जमिनीखालची खनिजेही बीएलएमच पट्ट्याने देते. दुसरे म्हणजे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसाहतकऱ्यांना जमिनी वाटताना सरकारने बऱ्याच ठिकाणी खनिजे स्वतःकडे राखून ठेवली. त्यामुळे वर शेतकऱ्याचे कुरण आणि खाली सरकारचे तेल, असे लाखो एकर आहेत.

या जमिनी सरकारकडे आल्या त्या मूळनिवासी राष्ट्रांकडून, कधी तहाने तर कधी तह मोडून. पुढच्या सगळ्या वादांच्या मुळाशी हे आहे.

पट्टा मिळतो कसा?

तेल-वायूच्या पट्ट्यांना आधार आहे तो १९२० च्या खनिज पट्टा कायद्याचा. आधी त्या भागाचा जमीनवापर आराखडा होतो आणि कोणती जमीन पट्ट्यासाठी खुली हे त्यात ठरते. मग कंपन्या हवे ते तुकडे सुचवतात, खाते छाननी करते आणि लिलाव होतो. पट्टा दहा वर्षांचा. पण विहिरीतून किफायतशीर उत्पादन चालू असेल तर तो संपतच नाही. सरकारला मिळणारी रॉयल्टी शतकभर साडेबारा टक्के होती, २०२२ मध्ये ती १६.६७ टक्के झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा साडेबारावर आली. पट्टा घेतला म्हणून लगेच खोदता येत नाही. प्रत्येक विहिरीसाठी वेगळा परवाना लागतो.

भूऔष्णिक ऊर्जेचे पट्टे वेगळ्या, १९७० च्या कायद्याखाली दिले जातात. सौर आणि पवन प्रकल्पांना बहुधा पट्ट्याऐवजी जमीन वापरण्याचा हक्क मिळतो. वारशाच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न सगळीकडे तेच.

वारसा म्हणजे पडक्या इमारती आणि चित्रेच ना?

नाही. बहुतेक वेळा तो डोळ्यांत भरतच नाही. तांबूस मातीत विखुरलेल्या गारगोटीच्या कपच्या, खापराचे दोन-चार तुकडे, आगीने तडकलेले दगड, राखेचा काळपट डाग. ट्रक वळवण्यापुरती जागा करणाऱ्या बुलडोझर चालकाला यातले काही दिसणार नाही. पण त्या राखेतल्या कोळशावरून कार्बन पद्धतीने चुलीचा काळ निघतो, आणि कपच्या ज्या क्रमाने पडल्या त्यावरून हत्यार घडवणारा माणूस कुठे बसला होता हे सांगता येते. जागेवरून हलवल्यावर त्या नुसत्या कपच्या उरतात.

न्यू मेक्सिकोतल्या चाको खोऱ्याभोवतीचे प्राचीन रस्ते याहून फसवे. ते सरळ रेषेत जातात, काही तर नऊ मीटरच्या आसपास रुंद आहेत. तरी त्यांच्यावर उभे राहून ते कळत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, विमानातून, किंवा आता लायडारच्या लेझर मोजणीत ते उमटतात.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याला माणसाचा हातही लागलेला नाही असा डोंगर, झरा किंवा तळे. १९६६ च्या वारसा जतन कायद्यात १९९२ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिले गेले की जमातीसाठी धार्मिक व सांस्कृतिक महत्त्वाची जागा ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीस पात्र ठरू शकते, आणि अशा जागांबाबत त्या जमातीशी सल्लामसलत करणे सरकारी खात्यावर बंधनकारक आहे.

कलम १०६ चा सारखा उल्लेख होतो. ते काय आहे?

१९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्यातले हे कलम. केंद्र सरकार एखादे काम स्वतः करणार असेल, त्याला पैसे देणार असेल किंवा परवाना देणार असेल, तर आधी त्याचा वारशावर काय परिणाम होईल हे तपासायचे. कोणाकोणाला विचारायचे ते ठरवा, प्रभावक्षेत्र आखा, त्यात काय आहे ते शोधा, हानी होणार का ते तपासा, आणि होणार असेल तर ती टाळण्याचा, कमी करण्याचा किंवा भरून काढण्याचा करार करा. या साखळीत राज्याचा वारसा अधिकारी असतो, जमातीचा स्वतःचा वारसा अधिकारी असू शकतो, आणि गरज पडल्यास केंद्राची ऐतिहासिक वारसा सल्लागार परिषद मध्ये पडते.

येथे बहुतेकांचा गैरसमज होतो. हे कलम प्रकल्प रोखत नाही. सगळ्या पायऱ्या नीट पार पाडून, हानी होणार हे कागदावर मान्य करून, त्याबद्दल करार करूनही खाते परवानगी देऊ शकते. चाकोजवळच्या विहिरींच्या परवान्यांविरुद्ध काही संघटना न्यायालयात गेल्या, तेव्हा २०१९ मध्ये अपील न्यायालयाने वारसा कायदा पाळला गेल्याचेच म्हटले. संघटनांना थोडे यश मिळाले ते पर्यावरण कायद्याखाली, पाण्याच्या वापराचा एकत्रित हिशेब न केल्याच्या मुद्द्यावर.

तपासणी पट्टा देताना व्हायला हवी की विहीर खोदताना?

सगळ्यात कळीचा प्रश्न हाच. खात्यांचा वर्षानुवर्षे सूर असा की पट्टा हा नुसता कागद, त्याने माती हलत नाही. विहिरीचा अर्ज येईल तेव्हा बघू. वरवर पाहता पटण्याजोगे वाटते. पण पट्टा दिला की कंपनीला खोदण्याचा हक्क मिळतो. त्यानंतर खाते विहीर थोडी सरकवू शकते (दीर्घकाळ असलेल्या नियमात ही मुभा २०० मीटरची होती), काम काही दिवस पुढे ढकलू शकते, अटी घालू शकते. ‘येथे नकोच’ म्हणण्याची वेळ मात्र निघून गेलेली असते.

न्यायालयांनी हे हळूहळू मान्य केले. २००४ मध्ये मोंटानातल्या एका खटल्यात केंद्रीय न्यायालयाने ठरवले की पट्ट्यांची विक्री हीच कलम १०६ लागू होणारी कृती आहे. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेडिसिन लेकचा निकाल आला. तिथे पिट रिव्हर जमातीसाठी पवित्र असलेल्या ज्वालामुखी प्रदेशातले भूऔष्णिक पट्टे १९९८ मध्ये पाच वर्षांनी वाढवून दिले होते, आणि पर्यावरण व वारशाचा अभ्यास त्यानंतर. निर्णय घेऊन झाल्यावर केलेला अभ्यास निर्णयाला आधार ठरू शकत नाही, असे म्हणत अपील न्यायालयाने ती मुदतवाढ चालवून घेतली नाही.

मागाहून निस्तरायला किती किंमत पडते ते मोंटानातल्याच बॅजर-टू मेडिसिन भागात दिसले. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाला आणि ब्लॅकफीट जमातीच्या राखीव प्रदेशाला लागून असलेले हे डोंगर. जमातीच्या सृष्टीकथा येथेच घडतात. १९८० च्या दशकात येथे तेलाचे पट्टे वाटले गेले, एकरी डॉलरभर दराने. त्यांतला ६,२४७ एकरांचा एक पट्टा १९८२ चा. २००२ मध्ये या भागाचा बराचसा हिस्सा पारंपरिक सांस्कृतिक प्रदेश म्हणून नोंदवहीस पात्र ठरला. २०१६ मध्ये सरकारने तो पट्टा रद्द केला. पट्टाधारक कंपनी न्यायालयात गेली. एका न्यायालयाने पट्टा रद्द ठरवला, दुसऱ्याने जिवंत केला. शेवटी २०२३ मध्ये २६ लाख डॉलर देऊन समझोता झाला आणि पट्टा सुटला. एकही विहीर न खोदता ४१ वर्षे गेली. १९८२ मध्ये ब्लॅकफीट वडीलधाऱ्यांशी बोलायला काही आठवडे लागले असते.

पट्ट्यातच अटी घालता येत नाहीत का?

येतात. सर्वांत कडक अट म्हणजे पृष्ठभागबंदी : तेल घ्या, पण त्या जमिनीवर पाऊल ठेवू नका. विहिरी आता आडव्या जातात. दोन मैल दूर खोदलेली विहीर जमिनीखालून हव्या त्या थरापर्यंत पोहोचते, म्हणून ही अट वाटते तेवढी जाचक राहिलेली नाही. सौम्य अटीही असतात. २००५ पासून बीएलएमच्या पट्ट्यांत वारशाबद्दलचे एक ठरावीक कलम येते : जतन कायद्यांखालची जबाबदारी पूर्ण होईपर्यंत माती हलवणाऱ्या कामाला परवानगी मिळणार नाही. ते बरे आहे, पण त्याच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलली जाते हेही खरे. आणि अटीला सूट देण्याचा अधिकार बहुतेक वेळा खात्याकडेच असतो. म्हणून अट वाचताना सूट कधी आणि कोण देणार, हे वाक्य आधी शोधावे.

तिथे काय आहे हे आधीच माहीत नसते का?

फार थोडे माहीत असते. बीएलएमच्या जमिनीपैकी साधारण एक दशांश भागाचेच नीट सर्वेक्षण झाले आहे. पहिली पायरी कागदोपत्री, म्हणजे जुन्या नोंदी आणि नकाशे. खरी तपासणी पायी होते. माणसे १५ ते ३० मीटर अंतर ठेवून एका रांगेत चालतात, नजर जमिनीवर. काही दिसले की तारेला लावलेली छोटी पताका खोचायची, जीपीएसवर नोंद घ्यायची, आणि पताकांचा घोळका कुठे दाट होतो ते पाहायचे. बर्फ पडले असेल तर काम बंद.

लिलावाच्या टप्प्यावर बहुधा कागदी तपासणीच होते. ज्या जमिनीवर कोणी चाललेच नाही तिच्याबद्दल जुन्या नोंदींत ‘काही आढळले नाही’ असणारच. त्या वाक्याचा अर्थ ‘काही नाही’ असा लावणे ही या क्षेत्रातली सर्वांत सोयीस्कर चूक आहे.

जमातींना पत्र पाठवले की सल्लामसलत झाली?

नाही, आणि हे न्यायालयांनी दोनदा तरी स्पष्ट सांगितले आहे. न्यू मेक्सिकोतल्या एका दरीबद्दल वनखात्याने जमातींना छापील पत्रे पाठवून पवित्र जागांची माहिती मागवली. तपशील कोणी दिला नाही, म्हणून खात्याने तिथे काही नाही असे ठरवले. सांडिया पुएब्लो या जमातीच्या या खटल्यात १९९५ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की दरीचा पारंपरिक वापर होतो याची चाहूल खात्याला लागली होती, मग नुसत्या पत्रांवर थांबणे हा प्रामाणिक प्रयत्न नव्हे.

दुसरा खटला सौर प्रकल्पाचा. दक्षिण कॅलिफोर्नियात सुमारे साडेसहा हजार एकरांवर ७०९ मेगावॉटचा प्रकल्प होणार होता. क्वेचान जमातीने सल्लामसलत झालीच नसल्याचे म्हटले. सरकारने पत्रांची, बैठकांची, फोनची लांबलचक यादी सादर केली. डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने काम थांबवले. यादी लांब आहे म्हणून सल्लामसलत झाली असे होत नाही. सरकार आणि जमात यांच्यात, निर्णय व्हायच्या आधी, पुरेशा माहितीनिशी बोलणे व्हायला हवे, असा त्या आदेशाचा आशय.

केंद्राने मान्यता दिलेल्या जमाती पावणेसहाशेच्या आसपास आहेत. अनेकांच्या वारसा कार्यालयात दोन-तीन माणसे आणि टेबलावर दहा खात्यांची पत्रे. तीस दिवसांत उत्तर आले नाही याचा अर्थ हरकत नाही असा धरला, तर ती मुदत नुसती औपचारिकता होते.

मग जमाती सरळ सांगत का नाहीत की अमुक जागा पवित्र आहे?

काही ज्ञान सांगायचेच नसते; ते ठरावीक कुळाकडे, ठरावीक व्यक्तींकडे असते. शिवाय जागा जाहीर झाली की चोर पोहोचतात. प्राचीन भांड्यांचा चोरटा बाजार नैऋत्य अमेरिकेत जुना आहे. कायद्यात याची दखल आहे : १९६६ च्या कायद्याचे कलम ३०४ आणि १९७९ चा पुरातत्त्व संपदा संरक्षण कायदा यांमुळे ठिकाणांचा तपशील लोकांपासून राखून ठेवता येतो. पेच मात्र सुटत नाही, कारण जे सांगितलेच नाही त्याला संरक्षण मिळवणे अवघड. काही ठिकाणी यातून वाट अशी काढली जाते की जमातीची माणसे स्वतः जमीन फिरून पाहतात आणि ‘हा भाग टाळा’ एवढेच कळवतात. कारण विचारायचे नाही.

विहीर वारशापासून लांब असेल तर काय बिघडते?

याचे उत्तर युटातल्या नाइन माइल कॅन्यनमध्ये आहे. नावात नऊ मैल असले तरी ही दरी चाळीस मैलांहून लांब आहे आणि तिच्या भिंतींवर शैलचित्रांची रांगच लागली आहे. त्यांतले एक प्रसिद्ध चित्र शिकारीचे : शिंगे वळलेल्या रानमेंढ्यांचा कळप आणि त्यांच्यावर धनुष्य ताणलेली माणसे, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या फ्रीमाँट संस्कृतीच्या लोकांनी खडकात टोचून काढलेली. विहिरी वर पठारावर होत्या, चित्रांना कोणी हात लावत नव्हते. पण ट्रकचा रस्ता दरीतून जाई, आणि तो कच्चा. गाडी गेली की धुळीचा लोट भिंतीवर बसे. धूळ दाबायला रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड शिंपडू लागले, तर ते क्षारही धुळीबरोबर उडून खडकावर चढू लागले. क्षार ओल धरतात, सुकताना स्फटिक होतात आणि दगडाचा पापुद्रा सुटण्याची भीती निर्माण होते. म्हणजे उपायाने नवा रोग लावला.

२०१० मध्ये खाते, कंपनी आणि वारसा संघटना यांच्यात करार झाला आणि पुढे रस्ता डांबरी झाला. धूळ गेली, गाड्या मात्र आता वेगाने येतात आणि पर्यटकही वाढतात, हा त्याचा दुसरा भाग. प्रभावक्षेत्र विहिरीच्या चौथऱ्यापुरते आखले असते तर ही चित्रे कागदावर कुठेच आली नसती. रस्ते, नळ, विजेचे खांब, रात्रीचे दिवे, आवाज हे सगळे त्यात धरावे लागते.

चाकोचा वाद इतकी वर्षे का मिटत नाही?

चाकोची भव्य दगडी बांधकामे साधारण इ.स. ८५० ते १२५० या काळातली. पुएब्लो बोनितो या एकाच वास्तूत शेकडो खोल्या, काही भाग चार मजली, आणि छताचे वासे कित्येक मैल दूरच्या डोंगरांतून आणलेले. १९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. उद्यानाच्या हद्दीत पट्टे दिले जात नाहीत. वाद आहे तो हद्दीबाहेरचा, कारण रस्ते, छोट्या वस्त्या आणि पूजास्थाने उद्यानाच्या कुंपणाशी थांबत नाहीत.

जून २०२३ मध्ये गृहमंत्री डेब हालँड यांनी उद्यानाभोवतीच्या दहा मैलांतली सुमारे ३,३६,४०० एकर केंद्रीय जमीन वीस वर्षांसाठी नव्या पट्ट्यांतून वगळली. त्या स्वतः लगुना पुएब्लोच्या, आणि अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या मूळनिवासी मंत्री. (अमेरिकेत गृहखाते म्हणजे जमीन, खनिजे आणि जमातींचे खाते, पोलिसांशी त्याचा संबंध नाही.) चालू पट्टे या आदेशाने रद्द झाले नाहीत.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की एका बाजूला तेल कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला मूळनिवासी. तसे नाही. अकोमा, लगुना यांसारखी पुएब्लो राष्ट्रे चाकोला पूर्वजांचे घर मानतात आणि बंदीच्या बाजूने आहेत. नवाहो राष्ट्राने जानेवारी २०२५ मध्ये या आदेशाविरुद्ध खटला भरला. या दहा मैलांच्या परिसरात अनेक नवाहो कुटुंबांना सरकारने पूर्वी वाटून दिलेल्या जमिनी सरकारी तुकड्यांमध्ये विखुरलेल्या आहेत. आदेश त्यांच्या जमिनीला लागू नाही, पण आडव्या विहिरीला सलग जमीन लागते. शेजारचा तुकडा बंद झाला की यांच्या तेलाकडेही कंपनी फिरकत नाही. रॉयल्टीच्या चेकवर घर चालवणाऱ्याला हा वारसा महागात पडतो, हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. माझे मत बंदीच्या बाजूने झुकते, कारण तेल वीस वर्षांनीही तिथेच असेल. पण मग त्या कुटुंबांच्या बुडालेल्या उत्पन्नाची सोय सरकारने करायला हवी होती, आणि ती झालेली नाही.

सौर आणि पवन ऊर्जेला तरी हे सगळे कशाला?

कारण बुलडोझर कोणत्या इंधनासाठी फिरतो याने जमिनीला फरक पडत नाही. सौर प्रकल्प तर हजारो एकर सलग सपाट करतो. तेलविहिरीसारखा तो थोडा सरकवून भागत नाही. समुद्रातही तेच. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या नँटकेट आखातातल्या केप विंड या पवन प्रकल्पाला वांपनोआग जमातींनी विरोध केला, कारण उगवत्या सूर्याचे मोकळे दर्शन हा त्यांच्या विधीचा भाग आहे. शिवाय आज बुडालेला तो तळ एके काळी कोरडा होता आणि त्यांचे पूर्वज तिथे राहत असत. २०१० मध्ये ते आखात राष्ट्रीय नोंदवहीस पात्र ठरले. प्रकल्पाला तरीही मंजुरी मिळाली. तो २०१७ मध्ये बारगळला तो इतर अनेक कारणांनी.

सर्वेक्षणाचा खर्च कोण करतो?

बहुधा कंपनी. ती परवानाधारक खासगी पुरातत्त्व संस्थेला काम देते, अहवाल खात्याकडे जातो आणि निर्णय खाते घेते. पैसे देणाऱ्याला काय ऐकायला आवडेल हे अहवाल लिहिणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून खात्याकडे अहवाल तपासणारे पुरेसे पुरातत्त्वज्ञ असणे महत्त्वाचे.

खोदकाम चालू असताना मानवी अस्थी निघाल्या तर?

काम तिथेच थांबवायचे, जागा झाकून सुरक्षित करायची, खात्याला कळवायचे. १९९० च्या कायद्यानुसार केंद्रीय जमिनीवर मूळनिवासींचे अवशेष अचानक सापडले तर त्या जागेचे काम साधारण तीस दिवसांपर्यंत थांबते, संबंधित जमातींना कळवले जाते आणि पुढचे त्यांच्याशी बोलून ठरते. अस्थी प्रयोगशाळेत पाठवून मग विचारायचे, हा जुना रिवाज आता चालत नाही.

२०२५ मध्ये नियम बदलले असे ऐकले. काय झाले?

२० जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्षांनी ऊर्जा आणीबाणी जाहीर केली. एप्रिलमध्ये गृहखात्याने त्याआधारे तातडीची कार्यपद्धती आणली. तिच्याखाली वारशाबाबत मत द्यायला राज्याचे अधिकारी आणि जमाती यांना सात दिवस मिळतात. ही सात दिवसांची तरतूद नियमांत पूर्वीपासून होती, पण पूर-वणव्यासारख्या संकटासाठी. दहा वर्षे चालणाऱ्या पट्ट्याच्या कामाला ती लावणे हा तिचा ओढूनताणून केलेला वापर आहे. गंमत म्हणजे या आणीबाणीच्या व्याख्येत वारा आणि ऊन यांना ऊर्जा म्हणून जागाच नाही.

सामान्य नागरिकाला यात बोलता येते का?

येते. आराखड्याच्या मसुद्यावर आणि लिलावाच्या यादीवर लेखी हरकत घेता येते. कलम १०६ खाली, जागेशी खराखुरा संबंध असेल तर ‘सल्लामसलतीतला पक्ष’ म्हणून सामील करून घ्या असे पत्र देता येते. स्थानिक इतिहास मंडळे हे बरेचदा करतात. हरकत घेताना लिलावातल्या तुकड्याचा क्रमांक द्यावा, तिथे काय आहे आणि ते तुम्हाला कसे माहीत हे लिहावे. ‘आमचा वारसा वाचवा’ अशा शंभर सारख्या पत्रांपेक्षा जुन्या छायाचित्रासह आलेले एक पत्र खात्याला टाळता येत नाही. आणि हे आराखड्याच्या वेळी करावे, विहिरीचा अर्ज आल्यावर नव्हे.

सरकारी जमिनीवर फिरताना खापराचा तुकडा किंवा बाणाचे टोक दिसले तर?

पाहा, मोजपट्टी किंवा नाणे शेजारी ठेवून फोटो काढा, आणि तिथेच राहू द्या. उचलून ‘छान जागी’ मांडूनही ठेवू नका. शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू केंद्रीय जमिनीवरून विनापरवाना नेणे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे (जमिनीवर उघड्यावर पडलेल्या बाणाच्या टोकाला या कायद्यातली शिक्षा लागत नाही, तरी तेही उचलू नये). पहिल्याच वेळी १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभराची कैद होऊ शकते, नुकसान मोठे असेल तर त्याहून जास्त. फोटो समाजमाध्यमावर टाकायचा मोह झाला तर आधी त्यातली स्थाननोंद काढून टाका, पाठीमागचा ओळखू येणारा डोंगरही कापा. जवळच्या बीएलएम कार्यालयातल्या पुरातत्त्वज्ञाला जागा कळवा. तिची नोंद झाली, तर पुढच्या लिलावाच्या कागदी तपासणीत ती निदान दिसेल.